छप्पन हजारांचा हिशेब

'मोडेम' हा शब्द मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर या दोन इंग्रजी शब्दांची डोकी कापून एकत्र बांधलेला आहे. संगणकातले आकडे आवाजात बदलायचे, तो आवाज दूरध्वनीच्या तारेवर सोडायचा आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, हे त्याचे काम. ज्यांनी तो वापरला त्यांच्या कानांत त्याची किंचाळी आणि खरखर अजून असेल. ज्यांनी वापरला नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. त्या आवाजाविषयी हळवे होऊन लिहिण्याची हल्ली रीत पडली आहे. आम्हांला हळवे व्हायचे नाही. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी बसून त्या आवाजाचा हिशेब आम्ही काही वर्षे वहीत मांडत होतो. तो मोडेमचा हिशेब म्हणून सुरू झाला आणि हळूहळू मराठी मजकुराचा होऊन बसला. त्याची ही हकिकत.

'आम्ही' म्हणजे चार-पाच वाचणारे लोक. दोन शिक्षक, एक पोस्टातला कारकून, एक धानाच्या गिरणीत खातेवही लिहिणारा आणि एक महाविद्यालयात शिकणारा मुलगा. नागपूर साठ किलोमीटरवर, पण पुण्या-मुंबईची नियतकालिके बर्डीवरच्या दुकानांतून आमच्यापर्यंत येईतो त्यांतले वाद शिळे झालेले असत. दिवाळी अंक एकाने घ्यायचा आणि होळीपर्यंत पाचांनी वाचायचा, असा क्रम. संगणकावर मराठी वाचायला मिळते, 'मायबोली' नावाचे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, परदेशी राहणारी मराठी माणसे तिथे रोज लिहितात, हे कळल्यावर आमच्यांतल्या एका गुरुजींच्या घरी असलेल्या संगणकाला मोडेम लावायचे ठरले. खर्च पाचांत वाटून घ्यायचा, जोडणीचे तास पाचांत वाटून घ्यायचे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या हातून आणि महानगरांतून. खासगी सेवादात्यांना दार उघडले १९९८ च्या अखेरीस. जिल्ह्याच्या गावांतून १७२ ने सुरू होणारा क्रमांक फिरवून स्थानिक कॉलच्या दरात जोडणी मिळू लागली ती शतकाच्या उंबरठ्यावर. आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा काळ लक्षात राहण्याजोगा, कारण १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला होता आणि उरलेला भंडारा आपण आता नेमके केवढे आहोत ते चाचपून पाहत होता.

आमचा पहिला मोडेम जुना, १४,४०० बिट दर सेकंदाला नेणारा. हा आकडा १९९१ च्या मानकातला. त्यानंतर १९९४ मध्ये २८,८०० आले, १९९६ मध्ये ३३,६००, आणि १९९७ मध्ये दोन प्रतिस्पर्धी गटांनी छप्पन हजारांच्या दोन परस्परांशी न बोलणाऱ्या पद्धती बाजारात उतरवल्या. एकीचे नाव एक्स-टू, दुसरीचे के-फिफ्टीसिक्स-फ्लेक्स. हे भांडण १९९८ मध्ये व्ही-नाइन्टी या सामाईक मानकाने मिटले. मधल्या वर्षभरात ज्यांनी मोडेम घेतले त्यांच्यासाठी कंपन्यांनी एक सोय ठेवली होती. डबा तोच, आत बसवलेली आज्ञावली मात्र बदलून घ्यायची. दुकानात न जाता, पेचकस न लावता यंत्राचा वेग वाढतो ही गोष्ट आम्हांला तेव्हा मंत्रासारखी वाटली.

गिरणीतल्या भाऊंनी असाच एक फ्लेक्स पद्धतीचा, बाहेर ठेवायचा मोडेम नागपुरातून वापरलेला म्हणून स्वस्तात आणला. त्याच्यावर इंग्रजीत ठळक '५६के' छापलेले होते. सेवादात्याच्या टोकाला व्ही-नाइन्टीच चालत असे, त्यामुळे हा डबा तिथे पोचला की दोघांची भाषा जुळेना आणि दोघेही जुन्या ३३,६०० च्या मानकावर उतरत. त्यातही आमच्या वाट्याला २६,४०० किंवा २८,८०० येई. संगणकाच्या पडद्यावर मात्र कधी कधी १,१५,२०० असा आकडा झळके आणि घरी आलेल्या पाहुण्यांना तो दाखवण्याचा मोह गुरुजींना आवरत नसे. खरे तर तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या हातभर केबलचा वेग. तारेवर काय चालले आहे त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

वही सुरू झाली ती इथे. तारीख, वेळ, मिळालेला वेग आणि कारण. कारणाच्या रकान्यात 'पाऊस', 'वारा', 'काही नाही' असे लिहिलेले असे. मोडेमशी बोलायला 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा असत. १९८१ मध्ये हेस कंपनीच्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली ही भाषा. 'एटी' म्हणजे 'लक्ष दे'. प्रत्येक आज्ञेआधी त्याला अशी हाक मारावी लागे. आमच्या एक्स्चेंजचा डायल टोन त्याला ओळखू येत नसे, तेव्हा 'एटीएक्स३' लिहून सांगायचे, बाबा रे, टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव. लहान मुलाला कामाला धाडताना सूचना द्याव्यात तसे हे चाले.

मोडेमची आज्ञावली बदलण्याचा दिवस आम्ही पंचांग पाहून ठरवला असे म्हटले तर फारसे खोटे होणार नाही. नवी आज्ञावली म्हणजे काहीशे केबीची एक फाइल. ती त्याच मंद मोडेमवरून उतरवून घ्यायची आणि मग त्याच्याच पोटात घालायची. घालताना दोनेक मिनिटे वीज जाता कामा नये. गेली तर जुनी आज्ञावली पुसली गेलेली आणि नवी अर्धीच लिहिलेली अशा अवस्थेत मोडेम कायमचा मुका होतो. पूर्व विदर्भात उन्हाळ्यात वीज दोन मिनिटे जाणार नाही याची हमी कोण देणार? पोस्टातल्या भाऊंनी पहाटे चारची वेळ सुचवली. त्या वेळी पंखे सोडून काही चालू नसते, लाइन जात नाही, हा त्यांचा अनुभव. पहाटे चारला आम्ही चौघे गुरुजींच्या ओसरीत, पाचवा चहा करायला. पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकत होती आणि कोणी बोलत नव्हते. वीज गेली नाही. मोडेमचे दिवे एकदम विझले, पुन्हा एकेक करून लागले, आणि विचारल्यावर त्याने आपली नवी ओळख सांगितली.

मग नंबर फिरवला. किंचाळी नेहमीपेक्षा वेगळी होती, शेवटी दोन ठोके जास्तीचे. आणि वेग आला २८,८००.

दुसऱ्या दिवशी २८,८००. तिसऱ्या दिवशी ३१,२००, आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस येऊन गेल्यावर २४,०००. वहीत 'नवीन' आणि 'जुना' असे दोन रकाने केले होते. दोन्हींत तेच आकडे पडू लागले. लाइनमनला विचारले. त्याने खांबावरची डबी उघडून पाहिली, जोड पुसले, फोन कानाला लावला आणि म्हणाला, "बोलनं साफ ऐकू येते ना गुरुजी? मंग लाइन बराबर हाय." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण त्याचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. ती तार बोलण्यासाठी टाकली होती आणि बोलणे साफ ऐकू येत होते.

इथे थोडे तंत्रात शिरावे लागेल. दूरध्वनीच्या जाळ्याने माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेण्यायोग्य ठरवलेला आहे. एक्स्चेंजमध्ये पोचल्यावर या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो, म्हणजे ६४,००० बिट. नमुना जवळच्या आकड्यावर बसवताना थोडी चूक राहतेच. ही चूक म्हणजे एक बारीक गोंगाट, आणि गोंगाट असलेल्या वाहिनीतून किती माहिती जाऊ शकते याची मर्यादा क्लॉड शॅननने १९४८ मध्ये गणिताने बांधून दिलेली आहे. ३३,६०० हा आकडा त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेला होता. छप्पन हजारवाल्यांनी शॅननला फसवले नाही. त्यांनी फक्त ओळखले की सेवादात्याचे टोक आता थेट आकड्यांच्याच जाळ्याला जोडलेले असते, त्यामुळे तिकडून येताना आवाजाचे आकडे करण्याची पायरीच गळते आणि तो गोंगाटही गळतो. म्हणून व्ही-नाइन्टीत येणारा मजकूर छप्पन हजारांपर्यंत आणि जाणारा मात्र ३३,६००. अर्थात एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा तांब्याचाच राहतो, आणि तो आखूड व निर्मळ असावा लागतो. वाटेत कुठे आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज असा आणखी एक फेरा पडला तर सगळी युक्ती वाया.

आणि छप्पनच का, चौसष्ट का नाही? अमेरिकेतल्या जाळ्यात आठवा बिट अधूनमधून संकेतांसाठी काढून घेतात, तेव्हा भरवशाचे उरतात सात. सात गुणिले आठ हजार, छप्पन हजार. आपल्याकडची व्यवस्था युरोपीय धाटणीची, तिथे असा बिट चोरला जात नाही. तरी डब्यावरचा आकडा तोच. दुसऱ्याच्या घरच्या अडचणीवरून आपल्या घरचे माप ठरण्याचे आणखीही दाखले देता येतील, पण ते विषयांतर होईल.

गुरुजींचे घर गावाच्या टोकाला, जिथून धानाचे बांध सुरू होतात. तिथवर येताना तार किती जोडांतून, किती खांबांवरून येते ते मोजायला एका रविवारी आम्ही एक्स्चेंजपासून चालत निघालो आणि तेरा डब्यांनंतर मोजणे सोडले. पोस्टातल्या भाऊंचे घर मात्र एक्स्चेंजच्या मागच्याच गल्लीत. त्याच रात्री संगणक आणि मोडेम चादरीत गुंडाळून हातगाडीवरून तिकडे नेले. तोच मोडेम, तीच आज्ञावली, तोच नंबर. वेग ४२,६६७. वहिनींना वाटले काही अपघात झाला, इतके आम्ही ओरडलो.

त्या रात्रीपासून आमचे वाचन पोस्टातल्या भाऊंकडे हलले. गुरुजींना याचे वाईट वाटले. संगणक त्यांचा होता, टेबल त्यांनी मुद्दाम करून घेतले होते. पण अडीच-तीन किलोमीटर तांब्यापुढे त्यांचाही इलाज नव्हता. ही गोष्ट आम्ही आजही विसरत नाही. एकाच गावात, एकच यंत्र घेऊन, दोन घरांत दीडपट फरक. मग लाखनी-साकोलीच्या आतल्या खेड्यांचे काय? देशातल्या लाखाहून अधिक खेड्यांतले सार्वजनिक फोन तेव्हा एमएआरआर नावाच्या रेडिओ यंत्रणेवर होते, त्यांवर बोलणेच धड होत नसे, मोडेम तर दूरच. मद्रासच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या कॉरडेक्ट या बिनतारी पद्धतीत मोडेम लागतच नव्हता. ३५ किंवा ७० हजारांचा वेग सरळ आकड्यांतच घरी येई आणि तेव्हाच फोनवर बोलताही येई. आज्ञावली बदलून जे आमच्या हाती आले नाही ते त्यांनी वाटच बदलून साधले होते. आमच्या गल्लीपर्यंत मात्र ती वाट आली नाही.

पाऊस सुरू झाला की निराळी धास्ती. विजेची बटणे बंद करून भागत नसे, कारण आभाळातली वीज फोनच्या तारेवरूनही येते आणि तिच्या वाटेत पहिला बसलेला असतो मोडेम. गडगडाट ऐकला की फोनची पिन उपटायची, असा घरातल्या सर्वांना दंडक. आज्ञावली बदललेला आमचा मोडेम दुसऱ्या मृगात गेलाच. घरात कोणी नव्हते. नंतर घेतलेला साधा संगणकात बसणारा होता, त्याने काम चालले, पण त्याच्याशी ओळख अशी झाली नाही.

आता वहीचा दुसरा अर्धा भाग. वेगाचे आकडे लिहिण्यात काही अर्थ उरला नाही तेव्हा महाविद्यालयातल्या मुलाने एक नवा रकाना आखला: 'काय वाचले, किती वेळ लागला'. आणि त्या रकान्यातून जे दिसले ते कोणत्याही मानकात लिहिलेले नव्हते.

त्या काळी मराठी मजकूर संकेतस्थळांवर नाना वेशांत येई. कोणी पान छापून त्याचे चित्र चढवी. कोणी स्वतःचा टंक बनवून तो आधी उतरवून घ्यायला लावी. वृत्तपत्रांचे टंक आपापले, एकाचा दुसऱ्याला चालत नसे. चित्ररूपातले एक पान सव्वाशे केबीचे धरले तर २८,८०० च्या वेगाला त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक लागे. बारा पानांची कथा म्हणजे सात-आठ मिनिटे. तीन मिनिटांचा एक कॉल, म्हणजे तीन कॉलचे पैसे. शिवाय चित्रातले शब्द शोधता येत नाहीत, उतरवून ठेवता येत नाहीत, आमच्या जुन्या प्रिंटरवर तर ते काजळी सांडल्यासारखे उमटत. कथा चांगली की वाईट हे कळण्याआधी तिचे वजन कळे.

मग युनिकोड आले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, 'मनोगत' २००४ मध्ये. इथे मजकूर हा मजकूर होता. याविरुद्ध तेव्हा एक तक्रार अशी की रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत तीन लागतात, म्हणजे आपल्यावर तिप्पट बोजा. तक्रार खरी आणि तरी अपुरी. त्या तिनांपैकी पहिला बाइट देवनागरीच्या सर्व चिन्हांना एकच असतो आणि दुसरा दोन पर्यायांपैकी एक. मोडेममध्ये व्ही-फॉर्टीटू-बिस नावाची मजकूर दाबून पाठवण्याची युक्ती बसवलेली असे, तिचे सारे भांडवल पुनरुक्ती. जे पुन्हा पुन्हा येते त्याला ती लहानशी खूण देऊन टाकते. तेव्हा देवनागरीचा हा फुगवटा तारेवर चढताना बराचसा आपोआप उतरे. बारा पानांची तीच कथा युनिकोडात असेल तर पंधरा-वीस सेकंदांत येई. गुरुजींच्या घरीसुद्धा, पावसातसुद्धा.

वहीतला तो रकाना आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. पहाटे चारला उठून, श्वास रोखून, डब्यातली आज्ञावली बदलून जे साधले नव्हते ते कुठल्या तरी दूरच्या शहरात बसलेल्या एका लेखकाने चित्राऐवजी अक्षरे टंकित केल्याने साधले होते. आमचा वेग वीसपटीने वाढवणाऱ्या त्या माणसाला याची गंधवार्ताही नसणार. मराठी संकेतस्थळांच्या इतिहासावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्यात टोपणनावे, कंपू, शुद्धलेखनाचे वाद, सगळे येते. पण युनिकोडचा स्वीकार ही जिल्ह्याच्या वाचकासाठी किती मोठी घटना होती हे त्यात आलेले आम्हांला दिसत नाही. लिहिणारे बहुधा वेगवान जोडण्यांवर होते. त्यांना युनिकोड ही शोधाची आणि टंकलेखनाची सोय वाटली. आम्हांला ती तीन कॉलच्या जागी एक कॉल वाटली.

गुरुजींचा संगणक मग चादरीत गुंडाळून परत त्यांच्या टेबलावर गेला. संध्याकाळचे वाचनही.

पुढचे थोडक्यात. बीएसएनएलची 'डेटावन' ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये देशात सुरू झाली, आमच्याकडे ती काही काळाने आली आणि २५६ हजारांचा वेग आला. गंमत अशी की तो आला त्याच तांब्यावरून. एक्स्चेंजमध्ये एक नवी पेटी बसली. ती बोलण्याच्या पट्ट्याच्या वरची, आजवर रिकामी पडलेली स्पंदने वापरू लागली. गुरुजींच्या घरी दोन जोड बदलले, ड्रॉप वायर नवी टाकली. तार नवव्या पटीला पोचली. जी तार मोडेमच्या दृष्टीने नालायक होती तिच्यात एवढे बळ पडून होते, फक्त तिला आवाजाच्या पट्ट्यात कोंबलेले होते. लाइनमन तोच होता. या वेळी त्याने फोन कानाला लावला नाही. हातातल्या यंत्रावरचे आकडे वाचले आणि म्हणाला, "आता बोलन्याचा परश्नच नाही."

आता तांब्याची तार भंडाऱ्यातही क्वचित दिसते. आमच्यांतल्या चौघांकडे काचेच्या तंतूची जोडणी आहे. वेगाचा आकडा कोणी लिहून ठेवत नाही. परवा सहज वहीच्या हिशेबाने मांडून पाहिले: आजचे एखादे मराठी बातमीचे पान तीन एमबीचे धरले तर २८,८०० ला त्याला पंधरा मिनिटे लागली असती. त्यात बातमी दोन केबीची. उरलेले काय असते ते वाचकांनी पाहिले आहेच.

महाविद्यालयातला तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे आणि कोका अभयारण्याच्या काठच्या एका गावी शिक्षक आहे. तिथे भिंतीला टेकून उभे राहिले तर मोबाइलला रेंज मिळते, अंगणात मिळत नाही. आम्ही त्याला लेखांचे दुवे पाठवत नाही. पोस्टातले भाऊ, आता निवृत्त, रोज सकाळी लेख उघडतात, त्यातली अक्षरे तेवढी निवडून उचलतात आणि व्हॉट्सॅपवर नुसता मजकूर म्हणून त्याला धाडतात. तो संध्याकाळी वाचतो. कधी कधी उत्तरात एकच आकडा येतो, ४२,६६७, म्हणजे लेख आवडला.